तेच तेच वाजवतात, मग नवा अल्बम कशाला?

प्रश्न : दादा, द हाइव्ज ह्या स्वीडिश रॉक बँडचा २०२५ चा नवा अल्बम ऐकला. मजा आली, नाही म्हणत नाही, पण नंतर त्यांचा २००० सालचा 'व्हेनी व्हिडी व्हिशस' लावला आणि वाटलं २५ वर्षांत काय बदललं? तेच काळेपांढरे सूट, तोच आरडाओरडा. मग नवीन काढायचाच कशाला?

उत्तर : अरे, बदलून बघितलंय त्यांनी, २००७ च्या अल्बममध्ये अमेरिकन पॉप-हिपहॉप निर्माता फॅरेल विल्यम्ससोबत गाणी केली होती, आणि मला विचारशील तर त्यांची खरी ताकद तिथे दिसत नाही. गराज रॉक म्हणजे हाइव्ज वाजवतात तसलं खरखरीत, रांगडं रॉक, त्यात सफाई आली की बऱ्याचदा जीव जातो. सॉनिक्सचंच घे ना, अमेरिकेतल्या टकोमाचा ६० च्या दशकातला बँड, ह्या सगळ्यांचे आजोबाच म्हण. १९६५ चा त्यांचा पहिला अल्बम दोन ट्रॅकच्या टेप मशीनवर झालाय, अख्ख्या ड्रमसेटला मिळून एकच माइक! मशीनला झेपेल त्याच्यापेक्षा मोठा आवाज आत ढकलला की ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात आणि ती खरखर येते, ती ह्या पोरांना हवीच होती. दुसऱ्या अल्बमच्या वेळी तर स्टुडिओच्या भिंतीवरचं आवाज शोषणारं अस्तरच उपटून काढलं त्यांनी, खोली दणाणली पाहिजे म्हणून. मग हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत गेले, तिसरा अल्बम मस्त घासूनपुसून निघाला आणि अगदीच मवाळ झाला, बँडवाल्यांनाही तो आवडला नाही. २०१५ ला सॉनिक्सचे जुने मेंबर रोझली, परिपा आणि लिंड सत्तरीच्या घरात असताना परत नवा अल्बम घेऊन आले तेव्हा काय केलं, तर सरळ मोनोमध्ये रेकॉर्डिंग, म्हणजे डावा-उजवा वेगळा नाही, सगळा आवाज एकत्रच. आणि काय वाजलाय तो, ऐकच.

म्हणून हाइव्जकडे 'नवीन काय' म्हणून बघू नकोस, 'अजून जमतंय का' हे बघ. त्यांची एक खासियत आहे, सगळे एकदम थांबतात, क्षणभर काहीच नाही, आणि मग ड्रम, गिटार, गायक पेले आल्मक्विस्टची किंकाळी सगळं एकाच वेळी अंगावर येतं. हे ऐकायला सोपं वाटतं पण पाच जणांत एकजण जरी तसूभर मागे राहिला तरी सगळं फुसकं होतं. पन्नाशीच्या आसपासच्या लोकांनी ते अजून इतकं घट्ट वाजवावं ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. २०१२ नंतर २०२३ पर्यंत ११ वर्षं एकही अल्बम नव्हता, आणि मग दोनच वर्षांत पुढचा, म्हणजे अंगात अजून खुमखुमी आहे ना. फक्त फोनच्या स्पीकरवर ऐकू नको बाबा, मोठ्या आवाजात ऐक.

प्रश्न : ह्यांची गाणी लिहिणारा रँडी फिट्झसिमन्स खरंच होता का?

उत्तर : बँड म्हणतो तो त्यांचा न दिसणारा सहावा मेंबर, २०२३ च्या अल्बमचं नावच त्याच्या मृत्यूवर आहे. पण हे नाव गिटारिस्ट निकोलस आर्सन ह्यांचं टोपणनाव म्हणून नोंदवलेलं आहे असं एनएमई ह्या ब्रिटिश संगीत मासिकाने केव्हाच छापलं होतं. हा आर्सन म्हणजे पेलेचा सख्खा भाऊ.