डीलर पॅक होत नाही, भाऊ!
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

आखाजीला (अक्षय तृतीयेला) खान्देशात पत्ते बसतातच. यंदा मात्र त्यानंतर आलेल्या पत्रांत गावच्या पारापेक्षा गोव्याच्या कॅसिनो-बोटीचाच विषय जास्त आहे. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : तीनपत्तीत गावात माझा हात कुणी धरत नाही. गोव्यात थ्री कार्ड पोकरच्या टेबलावर, म्हणजे कॅसिनोच्या डीलरविरुद्ध तीन पत्त्यांवर, बसलो. एक्का-दुर्री-तिर्री अशी सिक्वेन्स हातात असताना डीलरने सत्ती-अठ्ठी-नव्वी दाखवून पैसे ओढले. ही फसवणूक नाही का? (चोपडा)

उत्तर : नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक्का-दुर्री-तिर्री दुसऱ्या नंबरची सिक्वेन्स धरतात, त्या टेबलावर ती सगळ्यांत खालची. दुसरा फरक याहून मोठा आहे. तिथे प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची (इस्पिक, बदाम वगैरे), ट्रेलच्या, म्हणजे तीन सारख्या पानांच्या, वर असते. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८. जे दुर्मीळ ते वर, इतका साधा हिशेब. खाली सिक्वेन्स (७२०), कलर (१,०९६), जोडी (३,७४४) हा क्रम आपल्यासारखाच.

एक गोष्ट मात्र आठवून बघा. अँटी म्हणजे पत्ते वाटण्याआधी लावायची रक्कम, प्ले म्हणजे पत्ते बघून पुढे खेळायला भरायची तेवढीच रक्कम. सिक्वेन्सवर अँटी बोनस मिळाला होता का? बहुतेक टेबलांवर सिक्वेन्सला अँटीइतका, ट्रेलला चौपट आणि प्युअर सिक्वेन्सला पाचपट बोनस असतो. हात हरला तरी तो मिळतो. म्हणजे ५०० च्या अँटीवर तुमचे अँटी आणि प्ले मिळून १,००० गेले, पण ५०० परत यायला हवे होते.

आणि गावात तुमचा हात कुणी धरत नाही तो ब्लाइंड (पत्ते न बघता केलेल्या) चालींमुळे. समोरचा घाबरून पॅक होतो. डीलर घाबरत नाही, तुमच्या तोंडाकडे बघत नाही, पॅक तर होतच नाही. ती सगळी कला इथे बिनकामाची.

प्रश्न : मग पॅक कधी व्हायचं आणि प्ले कधी भरायचं? (अमळनेर)

उत्तर : राणी-छक्की-चौकी. एवढं पाठ करा. याच्या बरोबरीचा किंवा वरचा हात असेल तर प्ले भरा, खाली असेल तर पॅक. आधी सर्वांत मोठं पान बघा. एक्का किंवा राजा असेल तर बाकीची दोन बघायचीही गरज नाही, राजा-तिर्री-दुर्रीलासुद्धा भरा. मोठं पान राणी असेल तर दुसरं पान बघा. सत्ती किंवा वर असेल तर भरा, पंजी किंवा खाली असेल तर टाका. दुसरं पान छक्की निघालं तरच तिसरं बघायचं : चौकी किंवा पंजी असेल तर भरा, तिर्री-दुर्री असेल तर पॅक. गुलाम किंवा त्याखालचा, जोडी-कलर-सिक्वेन्स काहीच नसलेला हात कायम पॅक.

कारण असं. डीलरकडे किमान राणी असेल तरच त्याचा हात लागू होतो. नसेल तर तुम्हाला अँटीवर तेवढेच मिळतात आणि प्ले जसाच्या तसा परत येतो. शंभर डावांत सुमारे ३० वेळा डीलरचा हात लागू होत नाही. आता गुलामावर हट्टाने प्ले भरलात असं धरा. ३० वेळा एकेक अँटी मिळाली, ७० वेळा दोन-दोन गेल्या. अधिक ३०, वजा १४०, म्हणजे ११० अँटींचं नुकसान. शंभरही वेळा पॅक झाला असता तर १०० च गेल्या असत्या. राणी हातात असली की डीलरच्या राणीवाल्या काही हातांना तुम्ही हरवता, म्हणून पारडं छक्की-चौकीपाशी फिरतं.

हा नियम पाळला की घराचा वाटा, म्हणजे कॅसिनोकडे सरासरी जाणारा भाग, अँटीच्या ३.३७ टक्के. पत्ते न बघता प्रत्येक डाव खेळलात तर ७.६५ टक्के. राणी दिसली की भर, एवढंच लक्षात ठेवणाऱ्याचे ३.४५ जातात, म्हणजे फार बिघडत नाही. खरा मार बसतो तो गुलामावर ‘बघू तर’ म्हणणाऱ्याला.

प्रश्न : पेअर प्लसची बाजूची पेटी भरावी का? मित्र म्हणतो, खरा पैसा तिथेच आहे. (भुसावळ)

उत्तर : ही वेगळी पैज फक्त तुमच्या हातात जोडी किंवा वरचं काही येण्यावर असते. भाव बघितल्याशिवाय भरू नका. व्यापाऱ्याला भाव विचारल्याशिवाय आपण कापसाची गाडी खाली करतो का? टेबलावर छापलेल्या भावांत कलरसमोरचा आकडा वाचा. प्युअर सिक्वेन्स ४०, ट्रेल ३०, सिक्वेन्स ६, कलर ४, जोडी १ असे भाव असतील तर घराचा वाटा २.३२ टक्के, मुख्य डावापेक्षाही कमी. बाकी सगळं तेच ठेवून कलरला ४ ऐवजी ३ केले की वाटा ७.२८ टक्के होतो. एका आकड्यात तिपटीहून जास्त.

ही पेटी चार डावांत साधारण एकदाच लागते आणि लागली तरी बहुधा जोडीच असते. मुख्य म्हणजे तिच्यात डोकं चालवायला जागा नाही.

प्रश्न : कॅरेबियन स्टड आणि अल्टिमेट टेक्सास होल्डेम यांतलं कोणतं बरं? (धुळे)

उत्तर : सोपं कॅरेबियन, स्वस्त अल्टिमेट.

कॅरेबियनमध्ये पाच पत्ते, आणि रेझ, म्हणजे पत्ते बघून भरायची रक्कम, अँटीच्या दुप्पट. कोणतीही जोडी, अगदी दुर्रीचीसुद्धा, आली तर रेझ. एक्का-राजापेक्षा कमी असेल तर पॅक. नुसता एक्का-राजा असेल तर सोबत किमान गुलाम-अठ्ठी-तिर्री हवी. डीलरला लागू व्हायला एक्का-राजा लागतो आणि शंभरात सुमारे ४४ वेळा तो नसतो, म्हणून लोक रिकाम्या हातावर रेझ मारतात. हिशेब करा : ४४ वेळा एक अँटी आली, ५६ वेळा तीन गेल्या, एकूण १२४ चा खड्डा. पॅकमध्ये १०० च जातात. नीट खेळूनही घराचा वाटा अँटीच्या पाच टक्क्यांवर राहतो.

अल्टिमेटमध्ये नीट खेळलं तर तो अँटीच्या २.२ टक्क्यांच्या आत असतो, पण हिंमत आधी दाखवावी लागते. हातात दोन पत्ते, बाकीचे मध्ये सगळ्यांसाठी उघडतात. पहिल्या दोन पत्त्यांवर अँटीच्या चौपट भरायचं ते असं : तिर्रीपासून वरची जोडी, कोणताही एक्का, राजासोबत पंजी किंवा वर (एकाच रंगाचे असतील तर काहीही), राणीसोबत अठ्ठी, एका रंगात छक्की, गुलामासोबत दश्शी, एका रंगात अठ्ठी. इथे तिप्पट भरायचीही सोय असते, ती वापरूच नका. भरायचं तर चौपट. सगळ्यांत महागडी चूक म्हणजे एक्का-चौकी हातात घेऊन ‘आधी मधले तीन पत्ते उघडू देत’ म्हणणं. ५०० ची अँटी म्हणजे तिच्यासोबत सक्तीने लावायची ५०० ची ‘ब्लाइंड’ पैज आणि २,००० रेझ, एका डावात ३,००० टेबलावर. हे झेपत नसेल तर कमी अँटीचं टेबल शोधा.

प्रश्न : आमचे हे मित्रांसोबत गोव्याला निघालेत. खर्चाचा अंदाज सांगाल का? (नंदुरबार)

उत्तर : ताई, थ्री कार्डवर ५०० ची अँटी आणि तासाला ४० डाव धरले तर घराचा वाटा सरासरी तासाला पावणेसातशे रुपये. वर ५०० ची पेअर प्लस वाईट भावाच्या टेबलावर भरली तर आणखी साडेचौदाशे. पण ही सरासरी झाली, एका रात्रीत पाच-दहा हजारांचा चढउतार सहज होतो. म्हणून अँटीच्या ४० पट, म्हणजे २०,००० रुपये, एवढीच रोकड द्या आणि बँकेचं कार्ड घरी ठेवून घ्या.

याहून मोठा खर्च कराचा. चिप घेताना जीएसटी लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. जिंकलेल्या चिपा पुन्हा लावल्या तर तो परत लागत नाही, पण चिपा मोडून रोख घेतली आणि तासाभराने पुन्हा चिपा घेतल्या तर लागतो. त्यामुळे जेवायला उठताना चिपा मोडू नयेत, खिशात ठेवाव्यात. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे तो वेगळाच, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही.

मोबाइलवर पैसे लावून सराव करण्याचा विचार असेल तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. सराव घरी करावा : पत्त्यांचा एक कॅट घ्या, तुम्ही डीलर व्हा, चिपांऐवजी शेंगदाणे.