अमेरिकेत फॉस्टर केअरमधली (सरकारने स्वतःच्या घरातून काढून तात्पुरती दुसऱ्या कुटुंबात ठेवलेली) मुलं दत्तक घेतली तर सरकार पैसे देतं का? आणि ते घेणं शोभतं का?

मिळतात. आणि घ्या. पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण आमची ती थोडक्यात हुकणार होती. सबसिडीच्या, म्हणजे मुलासाठी दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, करारावर सही कोर्टाचा दत्तकाचा हुकूम होण्याआधी झाली पाहिजे. नंतर मागायला गेलात तर अपील करा, सुनावणी मागा, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं हे सिद्ध करा, असं सगळं मागे लागतं.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ओहायो राज्यात आहात, दोन भावंडं वर्षभर फॉस्टरला तुमच्याकडे आहेत, दत्तकाचं ठरतंय आणि काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची), मुलांची केस सांभाळणारी केसवर्कर 'बघू' म्हणतेय. आमचीही भावंडंच, आणि आम्हीही ओहायोतलेच. २०२१ च्या उन्हाळ्यात रात्री साडेनऊला दोघं दारात उभी राहिली तेव्हा त्यांचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत होते. एक पिशवी थोरल्याने शेवटपर्यंत हातातून सोडली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये कायदेशीररीत्या आमची झाली, तेव्हा थोरला आठ वर्षांचा होता आणि धाकटी चार.

सुनावणीची तारीख हातात आली तेव्हा केसवर्कर फोनवर म्हणाली, तुम्ही दोघं आयटीत, इन्शुरन्स चांगला आहे, तुम्हाला सबसिडी बसणार नाही. कागदपत्रांचं नंतर बघू. (काउंटीचं नाव लिहीत नाही. बाई स्वभावाने चांगली होती, कामाखाली पिचलेली होती.) आम्ही 'बरं' म्हणून मोकळे झालो. त्याच शनिवारी फॉस्टर पालकांच्या ट्रेनिंगला एक आजीबाई शेजारी बसल्या होत्या, नातवंडांसकट सात मुलं वाढवलेल्या. मी सहज बोलून गेले, तर त्यांनी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "सही आधी, जज नंतर." घरी येऊन आम्ही दोघांनी रात्री एकपर्यंत नियम वाचले. आजीबाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं.

पालकांचा पगार जास्त आहे म्हणून मुलाला अपात्र ठरवता येत नाही. केंद्राचा नियमच तसा आहे. रक्कम ठरवताना मुलाच्या गरजा आणि तुमची परिस्थिती दोन्ही बघतात, ते योग्यच आहे. पण पात्रता मुलाची असते, तुमची नाही.

आता पात्रतेसाठी लागणारा तो 'स्पेशल नीड्स' शब्द. तो ऐकून माझ्या नवऱ्याचं तोंड उतरलं होतं. म्हणाला, आपली पोरं धडधाकट आहेत, खोटं कशाला लिहायचं? इथे त्या शब्दाचा अर्थ अपंगत्व असा नाही. ज्या मुलाला मदतीशिवाय घर मिळणं अवघड जातं ते मूल, एवढाच अर्थ. वय जास्त आहे, भावंडांना एकत्रच द्यायचं आहे, मूल अल्पसंख्याक वंशाचं आहे, काही आजार आहे किंवा पुढे होण्याची शक्यता आहे, यातलं काहीही चालू शकतं. प्रत्येक राज्याची यादी वेगळी. तुमची दोघं भावंडं आहेत, तेव्हा तो मुद्दा पहिल्यांदा मांडा.

महिन्याच्या रकमेला कमाल मर्यादा आहे. तेच मूल फॉस्टरमध्ये राहिलं असतं तर जो भत्ता मिळाला असता, त्याहून जास्त देता येत नाही. त्याखाली किती, हे घासाघीस करून ठरतं. हो, चक्क घासाघीस. ओहायोत हे काउंटीशी बोलून ठरवावं लागतं. आम्हाला आलेला पहिला आकडा थोरल्याच्या महिन्याच्या थेरपीलाही पुरला नसता. मग मी एक साधा तक्ता केला: थेरपीचे कोपे (इन्शुरन्स असूनही आपण भरायचा वाटा), तिथवर जाण्यायेण्याचे मैल, शाळेनंतरचं पाळणाघर, धाकटीच्या दम्याची औषधं. भावनिक एक ओळही लिहिली नाही. दुसरा आकडा बरा आला, तिसऱ्यावर सही केली. मंडईत दोन रुपयांसाठी मेथीच्या जुडीवर वाद घालणारी माणसं आपण, इथे मात्र कोण लाजतं!

रक्कम नकोच वाटत असेल तरी करार सोडू नका. शून्य डॉलरचाही करार करता येतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून जरा लांबण लावते. मूल चार वर्षांचं असताना कागदावर सगळं ठीक दिसतं. जन्माआधी आईच्या पोटात त्याने काय सोसलं, हे कधी कधी थेट शाळेत जायला लागल्यावर कळतं. आमची धाकटी पहिलीत गेली आणि अक्षरं डोक्यात राहीनात. सकाळी घोटून घेतलेला शब्द संध्याकाळी कोरा. तपासण्या, मग आठवड्यातून दोनदा खास शिकवणी. करार हातात होता म्हणून काउंटीकडे जाऊन रक्कम वाढवून घेता आली. करारच नसता तर जायचं कुठे?

त्या करारामागे मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, पण येतं, रक्कम शून्य असली तरी. केंद्राच्या योजनेतला करार आहे ना, हे मात्र विचारून घ्या, कारण निव्वळ राज्याच्या पैशातल्या करारांचे नियम वेगळे असतात. बिल भरताना नोकरीचा इन्शुरन्स पहिला, मेडिकेड दुसरं. दोघांची नोकरी आयटीतली असेल तर ले-ऑफ शब्दाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. उद्या टेक्सासला बदली झाली तरी केंद्राच्या योजनेतला करार तसाच चालू राहतो. सबसिडी साधारण १८ व्या वर्षापर्यंत चालते, आणि मुलाला तशी शारीरिक किंवा मानसिक अडचण असेल तर २१ पर्यंत.

एकरकमी गोष्टी तीन आहेत. वकील, कोर्टाची फी वगैरे खर्चापोटी प्रत्येक मुलामागे कमाल २००० डॉलरपर्यंत परतफेड होते; हीसुद्धा आधी करारात लिहून घ्यायची. ओहायोचं स्वतःचं अनुदान वेगळं आहे: २०२३ पासून झालेल्या दत्तकांना १०,००० डॉलर, आधी फॉस्टर पालक असाल तर १५,०००, मूल स्पेशल नीड्समध्ये बसत असेल तर २०,००० (इथे मात्र त्या शब्दाचा अर्थ आजार किंवा अपंगत्व असाच, नुसतं भावंडं असणं पुरत नाही). अर्ज हुकूम झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा. आणि तिसरं, केंद्राचं टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम. २०२५ साठी ते मुलामागे १७,२८० डॉलरपर्यंत आहे. राज्याने मूल स्पेशल नीड्स ठरवलं असेल तर तुमचा खर्च शून्य असला तरी पूर्ण क्रेडिट मागता येतं. आमच्या टॅक्सवाल्यालाच हे माहीत नव्हतं, 'पावत्या द्या' म्हणून बसला होता. या क्रेडिटच्या फॉर्म ८८३९ च्या सूचना त्याच्यासमोर उघडून धरल्या तेव्हा पटलं. २०२५ पासून यातले ५,००० पर्यंत टॅक्स तेवढा भरलेला नसला तरी हातात मिळतात, उरलेलं पुढच्या पाच वर्षांत वापरता येतं. मात्र इथे उत्पन्न बघतात: २,५९,१९० डॉलरच्या पुढे क्रेडिट कमी होत जातं आणि २,९९,१९० ला संपतं. दोन पगार असतील तर हे आधी तपासा.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, शोभतं का.

साताऱ्याहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर हेच विचारलं होतं: "म्हणजे पोरांचा पगार मिळतो का तुम्हाला?" मला राग आला. पण त्यांच्या आळीतली एक विधवा बाई बालसंगोपन योजनेचे महिना २२५० रुपये घेते, आणि तिला सासूबाई कधी नावं ठेवत नाहीत. हे मी त्यांना म्हटलं. गप्प बसल्या.

१९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने सबसिडीचा हा कायदा झाला, त्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. फॉस्टर पालकाला भत्ता मिळायचा, आणि दत्तक घेतलं की तो बंद व्हायचा. ज्यांच्याकडे मूल रुळलेलं होतं अशा साध्या कमाईच्या घरांना ते 'आपलं' करून घेणंच परवडत नव्हतं, म्हणून मुलं वर्षानुवर्षं फॉस्टरमध्येच लटकून राहायची. तसं राहणं सरकारलाही काही स्वस्त नाही. भत्ता, केसवर्करच्या फेऱ्या, कोर्टाच्या तारखा चालूच. तेव्हा तुमच्यावर कुणी उपकार करत नाहीये. तुम्हाला ते पैसे घरखर्चात मिसळायचे नसतील तर आमच्यासारखं वेगळं खातं काढा. थेरपी आणि शिकवणी त्यातून जाते, उरलं तर तिथेच पडून राहतं. थोरल्याला ते माहीत आहे. परवा विचारत होता, यातून ड्रम सेट येईल का? नाही म्हटलं. घरात एकाला मायग्रेन आहे.

केसवर्करशी जे बोलाल ते त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा, आणि करारावर काउंटीची सही झालेली प्रत हातात पडल्याशिवाय कोर्टात जाऊ नका. गरज पडली तर वकिलाला सांगून तारीख पुढे ढकला. आम्ही दोन आठवडे ढकलली होती. धाकटीचा नवा फ्रॉक तोवर दोनदा धुऊन झाला, एवढंच नुकसान. तुमची तारीख लागली आहे का अजून?