खळ्यातला मांडव: ताईच्या लग्नाची सजावट करणाऱ्यास पत्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

ताईच्या लग्नाची सजावट तुझ्या अंगावर आली हे वाचून आनंद झाला. तू पाठवलेले फोटो एकेक करून नीट पाहिले. सुंदर आहेत, पण बहुतेक सगळे बंद, थंड हॉलमधले आहेत. तिथे वारा नाही, दमट हवा नाही, डोक्यावर ऊन नाही. तुमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, लग्न वैशाखात आणि मुहूर्त 11 वाजून 40 मिनिटांचा. म्हणून त्या फोटोंतून रंग घे, आकार घे. सामान मात्र त्या महिन्यात तुमच्या वाडीत काय उभं आहे ते पाहून ठरव. हे एकदा पटलं की सजावटीसाठी तुझ्या हातात असलेले 60,000 रुपये कमी वाटणार नाहीत.

पैशांची विभागणी आधी कागदावर मांड. पहिल्यांदा 6,000 बाजूला काढून आईकडे ठेवायला दे. ते राखीव, त्यांना मुहूर्ताच्या आदल्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. उरलेल्यातून मांडव आणि सावलीला 24,000, वीज-दिवे-जनरेटरला 10,000, बोहल्याला 8,000, फुलांना 8,000 आणि गाडीभाडं-हमालीला 4,000. दर गावागणिक बदलतात, तेव्हा हे आकडे म्हणजे त्या त्या कामाची वरची हद्द समज. लोक नेमकं उलटं करतात. आधी बोहल्याचा फोटो पसंत करतात, त्यातच निम्मे पैसे घालतात आणि मग पाहुणे उन्हात बसतात. सावली ही सजावटीतली पहिली गोष्ट. पाहुण्यांना घाम फुटला की फुलांकडे कोणी बघत नाही.

मांडववाल्याला बोलावण्याआधी घरच्या मोठ्यांना आणि भटजींना दोन गोष्टी विचार: मुहूर्तमेढ कुठे रोवायची आणि बोहलं कोणत्या तोंडाचं. मुहूर्तमेढ एकदा रोवली की हलत नाही, ती ऐन वाटेत आली तर सगळा नकाशा बिघडतो. मग दोरी घेऊन खळं मोज. खुर्च्यांच्या ओळी आणि मधली वाट धरून माणशी 8 चौरस फूट लागतात, म्हणजे तुमच्या 150 माणसांना 1,200. बोहल्याची जागा सोडून खळं 30 बाय 40 फूट उरत असेल तर बरोबर बसेल. पंगत मग परड्यात किंवा माडांच्या सावलीत काढावी लागेल.

आता वाऱ्याचं. हे नीट वाच, कारण किनाऱ्यावरच्या सजावटी बहुतेक इथेच फसतात. सकाळी 8 वाजता सगळं स्थिर असतं, त्यामुळे उभारणाऱ्यालाही धोका दिसत नाही. जमीन तापली की साधारण 10-11 नंतर समुद्राकडून वारा सुरू होतो आणि दुपारी 2 ते 4 मध्ये तो भरात असतो. म्हणजे तुमचा मुहूर्त वारा चढत असतानाच आहे. बोहल्यामागे 8 बाय 10 फुटांचं सलग कापड ताणलंस तर ते शीड होतं. ताशी 30 किलोमीटरच्या वाऱ्यात तेवढ्या कापडावर 35 ते 40 किलोंचा रेटा येतो, आणि वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. म्हणून मागे सलग कापड नको. बांबूच्या चौकटीत उभ्या माळा किंवा कापडाच्या वीतभर रुंद पट्ट्या सोड. वारा मधून निघून जातो आणि पट्ट्या हलतात तेही देखणं दिसतं. शक्य असेल तर बोहलं घराच्या भिंतीच्या आडोशाला घे.

खळ्याखाली जांभा दगड लागला तर खांबाला हातभर खड्डाही निघत नाही. अशा ठिकाणी तेलाचे 15 किलोचे रिकामे डबे घे, खांब आत उभा करून ओली वाळू ठासून भर. एक डबा साधारण 30 किलोंचा होतो. चौकटीच्या एका पायाला एक डबा आणि शिवाय मागून दोन तिरके ताण, काथ्याचे. नायलॉनची दोरी ताणाखाली ढिली पडते आणि गाठ सरकते. ताणांना रंगीत कापड बांध, नाहीतर पोरं अडखळून पडतील.

वर छप्पर झापांचं मिळालं तर दुसरं काही बघू नकोस. माडाच्या झापांखाली जी गारवा देणारी सावली पडते ती ताडपत्रीखाली नाही. आता गावोगाव झापं विणणारे हात कमी झालेत, म्हणून महिनाभर आधी सांगून ठेव. एकच जपायचं: वाळलेलं झाप ठिणगीने पेटतं. आचाऱ्याची चूल मांडवापासून निदान 30 फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आणि जवळ पाण्याची दोन पिंपं भरलेली. झापं नाहीच मिळाली तर ताडपत्री घे, पण निळ्या-हिरव्या ताडपत्रीखाली भर दुपारी सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात आणि फोटोतला तो रंग मागून जात नाही. तिच्या खालून पांढरं किंवा साईच्या रंगाचं कापड ताण. आणि ताडपत्री सपाट बांधू देऊ नकोस. वैशाखात वळीव केव्हाही येतो. 10 बाय 10 फुटांच्या ताडपत्रीवर दोन इंच पाणी साचलं तर पावणेपाचशे किलो वजन होतं आणि ते ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांना कळतही नाही. चार फुटांना एक फूट उतार हवाच. 2021 च्या मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला लागून गेलं, हे लक्षात ठेवून लग्नाआधी पाच दिवसांपासून हवामान खात्याचा अंदाज रोज पाहत जा. ओटी आणि माजघर रिकामं ठेवा. वेळ आलीच तर बोहलं आत हलवता आलं पाहिजे.

फुलांसाठी लोक आधी झेंडूचा भाव विचारतात. तू आधी घराभोवती एक फेरी मार. आंब्याचे टहाळे, फणसाची पानं, पोफळीच्या झावळ्या, केळीचे खुंट, क्रोटन, ओल्या सुपाऱ्यांचे घोस, हे सगळं घरचं किंवा शेजारचं. तोरणाला आंब्याचं कोवळं तांबूस पान घेऊ नकोस, दोन तासांत लोळतं. गर्द हिरवं जून पान घे. फणसाचं पान त्याहून टिकतं. माडाची पोय, म्हणजे त्याचा फुलोरा, कलशात फार शोभते, पण एक पोय तोडली म्हणजे नारळाची एक पेंड गेली, तेव्हा एक-दोनच, तीही मालकाला विचारून. आणि माडाच्या मधल्या कोवळ्या कोंबाला कोणी कोयता लावणार नाही याकडे लक्ष दे. तो वाढीचा शेंडा कापला गेला तर माड मरतो.

गणपतीत वर बांधतो त्या माटवीची कल्पनाही घेता येईल. बोहल्यावर बांबूची चौकट आडवी टांगायची आणि तिला सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे, शहाळी, कैऱ्या बांधायच्या. फुलांपेक्षा स्वस्त आणि दोन दिवस ताजी राहते. माटवी गणपतीचीच असं घरातल्या कोणाला वाटत असेल तर मात्र आधी विचारून घे. शहाळं डोक्यावर येतं, म्हणून प्रत्येकाला दुहेरी सुंभ.

झेंडू घाटावरून येतो आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास त्याचा भाव चढतो. म्हणून मोजून घे. मोठ्या झेंडूची किलोत साधारण 100 ते 125 फुलं बसतात आणि दाट ओवली तर 8 ते 10 फूट माळ होते. तुझा हिशेब असा: प्रवेशाचं दुहेरी तोरण 16 फूट, बोहल्याच्या 12 माळा पाच-पाच फुटांच्या म्हणजे 60, घराचं दार 5, तुळशीवृंदावन 8. एकूण 89 फूट. दाट ओवायचं तर 10 किलो लागेल. दर दोन फुलांमागे आंब्याची दोन पानं दुमडून ओवलीस तर साडेपाच किलोंत भागतं, आणि पिवळ्यावर हिरवा उठून दिसतो. ताटांसाठी सुटा आणि खराब निघणारा मिळून अडीच किलो वाढव. 8 किलो माग. पहिल्यांदा पाव किलो ओवून माप पाहा आणि मगच बाकीचं ओवायला घे. नवख्या हाताला किलोमागे अर्धा तास धर.

फुलं आली की पोत्यात ठेवायची नाहीत. ढीग आतून तापतो आणि सकाळी मधली फुलं काळी निघतात. पडवीवर ओलसर गोणपाट अंथर आणि त्यावर बोटभर जाडीचाच थर पसर. पाणी फुलांवर शिंपडू नकोस, झेंडूच्या पाकळ्यांत पाणी राहिलं की तो कुजतो. सोनचाफा सजावटीत वापरूच नकोस, हात लागला तिथे डाग पडतो. तो ताईच्या केसांत शोभेल. सुरंगीचा बहर तोवर संपत आलेला असतो, म्हणून सुरंगीच्या वळेसरावर, म्हणजे गजऱ्यावर, आशा लावून बसू नका. मोगरा आणि अबोली मिळेल. अबोलीला वास नसला तरी ती दुसऱ्या दिवशीही तशीच असते.

केळीचे खुंट दाराशी उभे करताना लोंगरासकट आणू नकोस, डोकं जड होऊन आडवे होतात. बुंधा ओल्या वाळूच्या बादलीत ठेव आणि पानं वाऱ्याच्या आड.

कापडासाठी भाड्याच्या चमकत्या झालरी घेण्यापेक्षा घरातल्या सुती साड्या काढ. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी रुंद असते. 10 बाय 10 फुटांच्या बोहल्याच्या छताला सपाट लावल्या तर तीन पुरतात, चुण्या हव्यात तर पाच. आजीच्या साड्यांखाली नात बोहल्यावर उभी राहते, याच्यापुढे कुठली झालर? त्यांना लोखंडी टाचण्या मात्र लावू नका. खाऱ्या दमट हवेत एका रात्रीत गंज उतरतो आणि तो डाग निघत नाही. लाकडी चिमटे किंवा कापडाच्या चिंध्यांनी बांध. रेशमी साडी बाहेर काढू नकोस.

थर्माकोलची अक्षरं, कमानी कोणी सुचवेल. राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर 2018 पासून बंदी आहे आणि 1 जुलै 2022 पासून देशभर. ताई आणि दाजींची नावं सुपावर रंगवून घे. बुरुडाकडच्या रोवळ्या उलट्या टांगल्या की दिव्यांची झाकणं होतात. आत 5 वॉटचा पिवळसर एलईडी, जुना तापणारा बल्ब नाही. पांढरा आणि पिवळा दिवा एकत्र लावू नकोस. हळदीच्या संध्याकाळला 9 वॉटचे 30 दिवे पुरतात, 270 वॉटच होतात. साऊंड आणि आचाऱ्याचा मिक्सर त्या लाईनवर नको. सारवलेली जमीन ओलसर असते, म्हणून वायरचा एकही जोड जमिनीवर नको आणि 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारं बटण, बसवून घे. त्याबद्दल वायरमनशी घासाघीस करायची नाही.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, मांडव घालायचं तुझ्या मनात आहे, ते पत्रातून कळलं. त्यासाठी सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांचे, नियम आहेत. ग्रामपंचायत आणि तहसील कचेरीत आधी विचारावं लागतं. वेळास, आंजर्ले, वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर कासवांची पिल्लं मेपर्यंत बाहेर पडतात आणि रात्रीचे दिवे त्यांना भरकटवतात. तेव्हा मांडव खळ्यातच राहू दे. पुळणीवर सकाळी अर्धा तास फक्त फोटो काढा. भरती केव्हा ते जुन्या रीतीने काढता येतं: तिथीची पाऊणपट. दशमी असेल तर साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे त्या सकाळी वाळू कमी मिळेल. पाचेक दिवसांनी अमावस्या-पौर्णिमेचं उधाण असतं, हेही ध्यानात घे. नेमकी वेळ गावातल्या रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या कोळ्याला, विचार.

मांडववाल्याशी ठरलेलं सगळं एका कागदावर आण: खांब किती, कापड धुतलेलं का, गाडीभाडं आणि हमाली कोणाची, उभारणी केव्हा पुरी, उतरवणं केव्हा, कार्य लांबलं तर दुसऱ्या दिवसाचं भाडं किती. आगाऊ रक्कम तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नकोस. शेवटची रक्कम उतरवल्यावर.

खळं दोन दिवस आधी सारव आणि आदल्या दिवशी दुपारपूर्वी दुसरा हात दे, रात्रीपर्यंत सुकेल. बांबू आणि छप्पर दोन दिवस आधी, कापड आणि दिवे आदल्या दुपारी. त्या दुपारी 3 वाजता, वारा भरात असताना, चौकट हाताने हलवून पाहा. हलली तर आणखी एक डबा. माळा आदल्या रात्री ओवायच्या आणि पहाटे 5 ला बांधायच्या. सुटी रांगोळी वाऱ्यात उडते, म्हणून ती वृंदावनाच्या आडोशाला आणि बोहल्याभोवती तांदळाच्या पिठीची ओली.

खळ्याचं माप, बोहल्याची दिशा आणि लग्नाची तिथी पुढच्या पत्रात कळव. सोबत बोहल्याचे चार खांब कुठे येतील त्याचा पेन्सिलीने काढलेला नकाशा पाठव, मी त्यावर खुणा करून परत धाडतो. आईबाबांना नमस्कार, ताईला आशीर्वाद.