स्पॅनिशमधला कर्मणी प्रयोग: इंग्रजी जरा बाजूला ठेव

तू इंग्रजीतून स्पॅनिश शिकतोयस, म्हणून अडखळतोयस. इथे मराठी जास्त कामी येते.

'रामाने पत्र लिहिले', पण 'रामाने चिठ्ठी लिहिली'. क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं, ते तुला शिकवावं लागत नाही. स्पॅनिशमध्येही तसंच: 'एल लिब्रो फुए एस्क्रितो पोर आना' (पुस्तक आनाकडून लिहिलं गेलं; 'लिब्रो' पुल्लिंगी), पण 'ला कार्ता फुए एस्क्रिता' (पत्र लिहिलं गेलं; 'कार्ता' स्त्रीलिंगी). अनेकवचनात 'लास कार्तास फुएरोन एस्क्रितास'. 'पोर' म्हणजे आपलं 'कडून'.

आता खरी गोष्ट. हा 'सेर'वाला प्रयोग ('सेर' म्हणजे 'असणे', 'फुए' आणि 'फुएरोन' ही त्याचीच भूतकाळी रूपं) बातम्यांत, इतिहासाच्या पुस्तकांत भेटेल. बोलताना लोक 'से' वापरतात. माद्रिदमध्ये विकाऊ घरावर पाटी असते 'से बेंदे पीसो'. घरं अनेक असली की 'से बेंदेन पीसोस'. हा 'न' विसरू नकोस, मी वर्षभर विसरत होतो. आणि या 'से'च्या वाक्यात 'पोर आना' जोडू नकोस. कर्ता सांगायचाच असेल तर सरळ कर्तरी वाक्य कर.

'मला पुस्तक देण्यात आलं' हे 'सेर' लावून सांगायला जाऊ नकोस. 'मे दिएरोन उन लिब्रो', म्हणजे 'मला पुस्तक दिलं'. कोणी दिलं, ते मराठीतही आपण सोडूनच देतो की!

'ला पुएर्ता एस्ता आबिएर्ता' मात्र वेगळं: दार उघडं आहे, एवढंच. तिथे 'एस्तार' (हेही 'असणे', 'एस्ता' हे त्याचं रूप) स्थिती सांगतं, 'फुए आबिएर्ता' म्हटलं की कोणीतरी उघडलं.

माझं सगळ्यात आवडतं वाक्य: 'से मे रोम्पियो एल बासो'. माझ्या हातून पेला फुटला. मी फोडला नाही हं, फुटला!