गुरुवारची बॅच दुसऱ्याला दे

ताई,
मी 34 वर्षांचा, चिंचवडला राहतो. चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर होतो. दारूपायी नोकरी गेली, दोनदा गाडीवरून पडलो, शेवटी बायको मुलाला घेऊन माहेरी गेली. तीन वर्षांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालो. बाहेर आल्यावर कुणी काम देईना. घराजवळच्या जिममध्ये फरशी पुसायचं आणि डंबेल्स-प्लेट्स जागेवर लावायचं काम मिळालं. तिथंच व्यायामाची गोडी लागली. ट्रेनरचा कोर्स केला, सर्टिफिकेट घेतलं. आज फ्लोअर ट्रेनर आहे, शिवाय पाच पर्सनल क्लायंट आहेत. वजन 94 वरून 76 वर आणलं. तीन वर्षांत थेंबाला शिवलेलो नाही. बायको आणि मुलगा परत आलेत.

आता मालक रावेतला दुसरी शाखा काढताहेत आणि ती मी सांभाळावी असं त्यांचं म्हणणं आहे. पगार जवळजवळ दुप्पट. पण बायको 'आत्ता नको, थोडं थांबू' एवढंच म्हणते. कारण विचारलं की गप्प बसते. मी पहाटे साडेचारला उठतो, रात्री साडेदहाला घरी येतो, ते कुणासाठी? केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांची मीटिंग असते, तिला ती अजून दर महिन्याला जाते, माझं गुरुवारच्या एएला (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग) जाणं संध्याकाळच्या बॅचमुळे राहिलंय, पण व्यायामानं मी आता मनानंही इतका घट्ट झालोय की गरज वाटत नाही. सासूबाई म्हणतात, जिमची नोकरी ही काय नोकरी असते का. बायकोच्याही मनात तेच असावं. तिला माझी प्रगती बघवत नाही का? तिला कसं समजावू?
— एक ट्रेनर, चिंचवड

शाखा, पगार, सासूबाई यांच्याबद्दल तू भरभरून लिहिलंयस. मला त्यातलं काहीच फारसं महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाची आहे ती एका वाक्याच्या पोटात दडपलेली गोष्ट: बायको अजून मीटिंगला जाते आणि तू जात नाहीस.

किती महिने झाले, हे तू लिहिलेलं नाहीस. वजन किलोत लिहिलंस, उठायची आणि घरी यायची वेळ लिहिलीस, क्लायंट किती तेही लिहिलंस. नेमका हा एकच आकडा राहिला. तो तुला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे, आणि माझ्या अंदाजानं अगदी गुरुवार मोजून.

जरा तिच्या जागी बसून बघ. महिन्यातून एकदा ती पोराला कुणाकडे तरी ठेवते, बस पकडते आणि त्या हॉलमध्ये जाऊन बसते. शेजारी बसलेल्या बाईचा नवरा आठ दिवसांपूर्वी पुन्हा प्यायलेला असतो. तिच्या पलीकडची बाई सांगत असते की यांचं चार वर्षं सगळं छान चाललं होतं, मग कामाचा व्याप वाढला, मीटिंगा सुटल्या, चिडचिड सुरू झाली आणि एक दिवस वास आला. मग कुणीतरी तुझ्या बायकोकडे वळून विचारतं, "तुमचे कसे आहेत?" ती म्हणते, बरे आहेत. "मीटिंगला जातात ना?" या प्रश्नाला ती दर महिन्याला काय उत्तर देत असेल?

आणि तू मला विचारतोस, तिला माझी प्रगती बघवत नाही का. हे वाक्य वाचून मला तुझा राग आला. तू रस्त्यावर पडायचास तेव्हा तुला उचलायला येणारी बाई ही. माहेरी गेलेली परत आली, म्हणजे आई, भाऊ, शेजारपाजार सगळ्यांचं बोलणं ऐकून घेऊन आली. तिला तुझी प्रगती बघवत नसती तर ती आलीच नसती.

ती कारण सांगत नाही, कारण सांगून काय होतं ते तिनं भोगलंय. पिण्याच्या दिवसांत तिनं खिसा तपासला, तोंडाचा वास घेतला, की तू काय म्हणायचास? माझ्यावर विश्वास नाही का तुझा? बहुतेक घरांत हेच वाक्य असतं, तुझ्याकडेही असणार. आज ती म्हणाली की गुरुवारी गेला नाहीत, तर तुझ्याकडे उत्तर म्हणून तीन कोरडी वर्षं आहेत, सर्टिफिकेट आहे, अठरा किलो उतरवलेलं वजन आहे. तिच्याकडे फक्त पोटातली भीती. म्हणून 'थोडं थांबू'. त्या दोन शब्दांत तिनं जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलंय.

तू केलंस ते लहान नाही, हेही मला म्हणायचंय आणि मनापासून म्हणायचंय. ज्या फरशीवरून पोछा फिरवला, त्याच फरशीवर ट्रेनर म्हणून उभं राहायला फार दम लागतो. लोक तुझ्यासमोर घामेजलेले प्लेट्स टाकून निघून जात असतील आणि तू त्या उचलून वीसची वीसवर, दहाची दहावर लावत असशील. त्या दिवसांत तू प्यायला नाहीस. सासूबाईंच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. ही नोकरी आहे, चांगली आणि कष्टाची नोकरी आहे. व्यायामानं तुला साथ दिली हेही खरंच. झोप परत येते, भूक लागते, दिवसाला ठरलेली वेळ मिळते, दारूनं आयत्या सुखाला सोकावलेल्या मेंदूला कष्टानं मिळणाऱ्या आनंदाची पुन्हा सवय लागते. व्यसनातून उठणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला जोडीदार क्वचित मिळतो.

पण तो जोडीदार आहे. त्याला तू मीटिंगच्या खुर्चीत नेऊन बसवलंस, तिथं माझी हरकत आहे.

जिममध्ये तू 'सर' आहेस. सगळे तुझ्याकडे बघून सरळ उभे राहतात. तिथं कुणी तुला विचारू शकतं का, की सर, काल रात्री प्यावंसं वाटलं होतं का? त्यातल्या किती जणांना तू कधीकाळी पीत होतास हे माहीत तरी आहे? तिथं थकलेलं दिसणंसुद्धा परवडत नाही. एएच्या खोलीत मात्र उठून नाव सांगायचं, मी अल्कोहोलिक आहे म्हणायचं, आणि आज मला भीती वाटतेय असंही म्हणता येतं. समोरचा दचकत नाही, कारण कालच त्यालाही वाटलेली असते. आठवड्यातले हे तास-दीड तास तू बॅचसाठी मोडून टाकलेस.

आता तुझा दिवस बघ. एएमध्ये चार गोष्टींपासून सावध राहायला शिकवतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. तू हे ऐकलंयस, केंद्रात फळ्यावरही लिहिलेलं असेल. साडेचारला उठायचं, सकाळच्या बॅचेस, मग दुपारी जिम रिकामी, पाच वाजेपर्यंत काही नाही, पुन्हा रात्रीपर्यंत उभं. डाएट चालू असेल तर पोटात उकडलेली अंडी आणि काकडी. क्लायंट ऐनवेळी येत नाही म्हणून कळवतो, त्याचे पैसे बुडतात, म्हणजे राग. दुपारी बोलायला कुणी नाही. रात्री घरी येतोस तेव्हा मूल झोपलेलं आणि बायको गप्प. चारही गोष्टी रोज, एकाच दिवसात. नव्या शाखेत याच्यावर आणखी मेंबरशिपचं टार्गेट, रिन्यूअल, भाडं, दोन ट्रेनर सोडून गेले तर त्यांच्या बॅचेस.

आणखी एक प्रश्न तुला कुणी विचारलेला नसेल. उद्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर? ट्रेनर लोकांचं ते होऊ शकतं. काही आठवडे पायाला ब्रेस, व्यायाम बंद, कमाई बंद, दुखणं आहे म्हणून वेदनाशामक गोळ्या, आणि दिवसभर घरात छताकडे बघत पडून राहणं. तुझं सोबर राहणं फक्त व्यायामावर उभं असेल तर त्या दिवशी ते कशावर उभं राहणार? शरीरावर बांधलेला भरवसा शरीर बसलं की बसतो.

तुझ्या धंद्यातलं दुसरं टोक तर तू माझ्याहून जास्त बघतोस. महाराष्ट्रात जिमला जाणाऱ्या पोरांना मेफेंटरमाइनची इंजेक्शनं चोरून विकणाऱ्यांना पोलिसांनी पकडलंय. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो चढवायला हे औषध असतं, आणि पोरं ते तासभर जास्त व्यायाम व्हावा म्हणून टोचून घेतात. तू घेतोस असं मी म्हणत नाही. पण थकलेल्या एखाद्या संध्याकाळी कुणीतरी 'सर, हे दारू थोडंच आहे' म्हणत ते तुझ्यासमोर धरेल, तेव्हा तुला फोन करायला एक माणूस लागेल. तुझा स्पॉन्सर, म्हणजे एएतला तुझ्याआधी दारू सोडलेला पाठीराखा, तुला अजून फोन करतो का? तू उचलतोस का?

एए सुरू कशी झाली हे तुला सांगितलं असेल, तरी पुन्हा ऐक. 1935 सालचा मे महिना. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन नावाच्या गावी धंद्याच्या कामासाठी आला होता. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा, एका बाजूला बार, तिथून हसण्याखिदळण्याचे आवाज येताहेत, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो फोनकडे गेला. तिथल्या चर्चच्या यादीतले नंबर फिरवत राहिला आणि एकच विचारत राहिला, की मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. शेवटी गाठ पडली ती बॉब स्मिथ या सर्जनशी. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर भेटायला आले आणि दोघं काही तास बोलत बसले. बिल त्यांना सुधारायला गेला नव्हता. त्याला त्या संध्याकाळी स्वतः प्यायचं नव्हतं, आणि त्यासाठी आपल्यासारखा दुसरा माणूस समोर लागतो एवढं त्याला उमगलं होतं. डॉक्टर बॉबनी 10 जून 1935 ला शेवटचा घोट घेतला, तोच दिवस एए आपला वाढदिवस मानते.

आपल्या पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथंही हेच धरून ठेवलं गेलं. व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथंच नव्यानं आलेल्यांना हात देत कामाला लागली. राहुल जाधवचं नाव तू ऐकलं असशील. गुन्हेगारी आणि नशा यांतून उठलेला हा माणूस मुक्तांगणमध्ये आला आणि अल्ट्रामॅरेथॉन धावू लागला, मुंबईहून दिल्लीपर्यंत धावत गेला. तुझ्यासारखंच व्यायामानं त्याला उभं केलं. पण पाय एवढे धावू लागले म्हणून त्यानं केंद्राकडे पाठ फिरवली नाही. तो तिथंच काम करत राहिला.

तुझ्या जिममध्ये जानेवारीत नाव घालून मार्चमध्ये गायब होणारे मेंबर असतात ना, त्यांना तूच फोन करतोस. सर, कुठे आहात, दोन आठवडे दिसला नाहीत. समोरून उत्तर येतं, आता बॉडी बरी झालीये, घरीच थोडंफार करतो. तू फोन ठेवतोस तेव्हा या माणसाचं पुढं काय होणार हे तुला पक्कं माहीत असतं. 'मनानं घट्ट झालोय, गरज वाटत नाही' हे तुझं वाक्य मी तुझ्या बायकोच्या कानांनी वाचलं, तेव्हा मला तो फोन आठवला.

तू विचारलंस, तिला कसं समजावू. समजावू नकोस. एक शब्दही बोलू नकोस. येत्या गुरुवारची संध्याकाळची बॅच दुसऱ्या ट्रेनरला दे आणि मीटिंगला जा. घरी घोषणा करू नकोस, तिला खूश करायला जातोय असा आव आणू नकोस. पहिल्यांदा जाशील तेव्हा मागच्या खुर्चीत बसून नुसतं ऐकायचा मोह होईल, तसं करू नकोस. उठून सांग की मी इतके महिने आलो नव्हतो. तो आकडा, जो मला लिहिला नाहीस, तो तिथं मोठ्यानं सांग. मग पुढच्या गुरुवारी जा, आणि त्याच्या पुढच्या.

मालकाला आज सांग की उत्तर महिन्याभरानं देतो, आणि शाखा घेतली तरी गुरुवारी संध्याकाळी मी नसेन. कारण सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण अट आधी सांग, पगाराचं बोलणं नंतर. ते हो म्हणाले तर रावेतचं घरी पुन्हा काढ. ते म्हणाले की एवढ्या मोठ्या जबाबदारीत असले लाड चालणार नाहीत, तर ती जागा तुझी नाही, मग पगार दुप्पट असो की चौपट.

तुमची मीटिंग साधारण सात-साडेसातला असेल. साडेसहाच्या आत जिममधून बाहेर पड. वाटेत काहीतरी पोटभर खा, उपाशी पोटी जाऊ नकोस. आणि हे पत्र वाचून झाल्यावर पहिला फोन स्पॉन्सरला कर.