पैशांच्या ॲपचं डिझाइन करायचंय, पण पोर्टफोलिओ कुठे अडतो?

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्वतःच फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकले आणि पैशांच्या व्यवहारांच्या तीन ॲपचं नव्यानं डिझाइन करून पोर्टफोलिओ बनवला. इंटर्नशिपसाठी बऱ्याच ठिकाणी अर्ज केले. एकाच ठिकाणाहून उत्तर आलं, 'स्क्रीन छान आहेत, पण विचार दिसत नाही.' म्हणजे नेमकं काय दाखवायचं? डिझाइन शिकलेल्या मुलांपुढे माझा निभाव लागेल का? की आधी एखादा मोठा कोर्स करू?

उत्तर : तुझा पोर्टफोलिओ मी नीट पाहिला. रंगसंगती चांगली आहे, मांडणी मोकळी आहे. पण पहिल्याच प्रकल्पात 'पैसे पाठवा' या बटणापाशी मी अडले. बटण दाबलं की थेट हिरवी खूण येते. खात्यात पुरेशी शिल्लक नसेल तर? खाते क्रमांकातला एक आकडा चुकला तर? पैसे इथून वजा झाले आणि तिकडे जमाच झाले नाहीत तर? यातली एकही स्क्रीन तू केलेली नाहीस. त्यांना जो विचार दिसला नाही, तो इथेच राहून गेलाय.

चुकून टाकलेला फोटो काढून टाकता येतो. चुकून पाठवलेले पैसे परत मिळवायला मात्र माणसाला दारोदार फिरावं लागतं. त्यामुळे या क्षेत्रात डिझायनरची खरी कसोटी गोष्टी बिघडतात तिथे लागते.

२०२० च्या ऑगस्टमधलं सिटीबँकेचं प्रकरण मुळातून वाच. रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज धनकोंना द्यायचं होतं. प्रत्यक्षात गेले जवळपास ९० कोटी डॉलर! मुद्दल बँकेबाहेर जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअरमध्ये 'प्रिन्सिपल', 'फ्रंट' आणि 'फंड' अशा तिन्ही चौकटी भरायला हव्या होत्या. कर्मचाऱ्यांना वाटलं, पहिली पुरेशी आहे. व्यवहार तिघांच्या नजरेखालून गेला आणि कुणालाही शंका आली नाही. स्क्रीनवर सूचना आली होती, पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचं का? पण किती पैसे जातील, ते त्या सूचनेत नव्हतंच. व्याज तर बाहेर जाणारच होतं, त्यामुळे 'हो' म्हणणं त्यांना स्वाभाविक वाटलं. त्यातल्या सुमारे ५० कोटी डॉलरसाठी बँकेला कोर्टात जावं लागलं. २०२१ मध्ये निकाल विरोधात गेला, २०२२ मध्ये अपिलात बाजूने लागला. त्या सूचनेत रक्कम असती तर तिथेच कुणाचा तरी हात थांबला असता, असं मला ठामपणे वाटतं.

आता तुझी खात्रीची स्क्रीन बघ. 'तुम्हाला खात्री आहे का?' एवढंच वाक्य आणि दोन बटणं. तिथे रक्कम, ज्याला पैसे जाणार त्याचं नाव आणि पैसे कधी पोचतील ते लिही. बटणावर 'ठीक आहे' ऐवजी '५,००० पाठवा' असं लिही. वेबसाइट अपंगांसह सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या निकषांत २००८ पासून हेच सांगितलंय : आर्थिक व्यवहार मागे घेता यावा, किंवा भरलेली माहिती तपासून चूक दुरुस्त करायची संधी मिळावी, किंवा शेवटचं बटण दाबण्याआधी सगळं पाहून बदलता यावं. यांपैकी निदान एक सोय हवीच. त्याच निकषांत साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उठाव (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा असंही आहे. तुझ्या कर्जाच्या ॲपमध्ये प्रक्रिया शुल्क फिकट करड्या रंगात आहे. ते या मापात बसेल असं मला वाटत नाही, मोजून बघ.

आणि हप्ता ठळक, शुल्क फिकट, हे तू अनवधानानं केलं असशील, पण अशी मांडणी ग्राहकाला अंधारात ठेवते. मुद्दाम केलेल्या अशा फसव्या रचनांना डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. उद्या नोकरीत कुणी तुला हेच करायला सांगेल. तेव्हा काय म्हणायचं, याचा विचार आत्ताच करून ठेव.

निभाव लागण्याची चिंता तर मुळीच करू नकोस. एक लाखाचं कर्ज, एक वर्षाची मुदत, समान मासिक हप्ते, व्याज १० टक्के 'फ्लॅट', म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच. घटत्या शिलकीवर हाच दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो, हे तुला वेगळं सांगायला नको. कर्ज घेणाऱ्या बहुतेकांना ते माहीत नसतं. ही एक गोष्ट साध्या माणसाला एका स्क्रीनवर कळेल अशी मांडून दाखव. डिझाइन शिकलेल्या अनेकांना यासाठी आधी व्याजाचं गणित शिकावं लागेल, तुझा तो अभ्यास झालेला आहे.

तेव्हा तीनपैकी दोन प्रकल्प सरळ काढून टाक. पैसे पाठवण्याचा ठेव आणि तो तळापर्यंत ने. नंतर पाच जणांना प्रोटोटाइप, म्हणजे वापरून पाहता येईल असा ॲपचा नमुना, हातात दे. पाच जणांतच बहुतेक ठळक अडचणी वर येतात, असं वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० मध्ये मांडलं होतं. आकडे खोटे ठेव, कुणाचाही खरा पिन किंवा खाते क्रमांक घेऊ नकोस. एक जण वयस्कर असावा, एकाची नजर अधू असावी. 'व्यवहार प्रक्रियेत आहे' ही स्क्रीन आली की एवढंच विचार, 'आत्ता तुमचे पैसे कुठे आहेत?' आणि गप्प राहा. जे उत्तर येईल ते शब्दशः लिहून घे. त्यावरून कोणतं वाक्य बदललंस, बदलल्यावर उत्तर कसं बदललं, हे पोर्टफोलिओत आधीच्या आणि नंतरच्या स्क्रीनसह मांड. मुलाखत घेणारा पहिल्यांदा तेच वाचेल.

मोठा कोर्स आत्ता करू नकोस. फी भरून तू पुन्हा स्क्रीनच रंगवशील, अशी मला भीती वाटते. त्यापेक्षा वित्तीय कंपन्यांच्या ग्राहक तक्रार विभागात किंवा ॲपमधला मजकूर लिहिण्याच्या कामासाठीही अर्ज कर. लोक कोणत्या स्क्रीनवर घाबरून फोन करतात, हे तिथे रोज ऐकायला मिळतं आणि तिथून डिझाइनच्या टीममध्ये जाता येतं. वर्षभर काम केल्यावर संशोधनाच्या पद्धतींत आपण कमी पडतोय असं वाटलं, तर तेवढ्यापुरता छोटा कोर्स शोध.