थरथर हाताला जाणवते की सीटला?

प्रश्न : माझ्याकडे १९६६ ची फोक्सवॅगन बीटल आहे. ताशी ७० किलोमीटरपर्यंत काही त्रास नाही. ८० च्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागतं, ९० ला हातात धरवत नाही आणि ११० च्या पुढे पुन्हा जरा शांत होतं. रेडियल टायर नवे आहेत. बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा करून झालं, दर वेळी मशीन शून्य दाखवतं. आता स्टिअरिंग डॅम्पर बदलायचा सल्ला मिळालाय. बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. डॅम्परचं काम थरथर जिरवायचं, ती उगम पावते दुसरीकडेच. नवा डॅम्पर टाकला की महिनाभर बरं वाटतं, मग तोही थकतो आणि दुखणं तसंच राहतं. या एका सुट्या भागावर जुन्या गाड्यांचे मालक जेवढे पैसे घालवतात, तेवढे दुसऱ्या कशावर घालवत असतील असं मला वाटत नाही.

तुमच्या पत्रातला कामाचा शब्द आहे 'स्टिअरिंग'. हात थरथरत असतील तर दोष बहुतेक पुढच्या चाकांत, सीट आणि पायाखालचा पत्रा थरथरत असेल तर मागच्या. इंजिनावर शंका असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर त्याच वेगात क्षणभर न्यूट्रल करून बघा. इंजिनाचा आवाज उतरला तरी थरथर कायम राहिली, तर इंजिन निर्दोष.

आता ८० ते ११० च्या मधेच का? पुढचा अ‍ॅक्सल आणि स्टिअरिंग मिळून त्यांची स्वतःची हलण्याची एक लय असते. १६५ आर १५ मापाच्या टायरचा घेर साधारण २ मीटर, म्हणजे ९० च्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे १२ फेऱ्या घेतं. फेऱ्यांची आणि त्या लयीची गाठ पडली की छोटा दोषही मोठा होऊन हातात येतो. वेग वाढवला की गाठ सुटते, दोष मात्र जागेवरच असतो. रिमच्या (टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाच्या) कडेला फक्त २० ग्रॅमचा फरक असला तर १०० च्या वेगाला तो चाकाला जवळपास ३ किलोच्या जोराने ओढतो, तेही प्रत्येक फेरीला. वेग निम्मा केला की हा जोर पाव होतो. म्हणून ५० ला सगळं आलबेल वाटतं.

सगळ्यात स्वस्त तपासणी आधी करा. पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे लावा, हवा पुढची-मागची ठरल्याप्रमाणे पुन्हा भरा (बीटलचं इंजिन मागे, त्यामुळे पुढे कमी लागते) आणि त्याच रस्त्यावर चालवा. थरथर हातातून सीटमध्ये गेली तर चाकंच दोषी. हातातच राहिली तर चाकांना सोडा आणि पुढच्या ब्रेक-ड्रमकडे, बेअरिंगच्या प्लेकडे (ढिलेपणाकडे), बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड या पुढच्या चाकांच्या सांध्यांकडे बघा.

माझी पैज चाकांवर आहे. कारण ते 'शून्य'. तुमच्या मॉडेलच्या चाकाला पाच बोल्ट, तेही २०५ मिलिमीटरच्या वर्तुळावर, आणि मधलं भोक भलंमोठं. बॅलन्सिंग मशीनवर चाक मध्यात धरणारा नेहमीचा शंकू त्यात नीट बसत नाही. कारागीर कसंबसं चाक अडकवतो, ते केसभर बाजूला बसतं आणि मशीन त्या चुकीच्या मध्याभोवती इमानदारीने बॅलन्स करून देतं. गाडीवर मात्र चाक बोल्टांच्या मध्याभोवती फिरतं. पकडायची युक्ती सोपी आहे. मशीनने शून्य दाखवलं की कारागिराला म्हणा, चाक सैल करून मशीनच्या शाफ्टवर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळा आणि पुन्हा फिरवून दाखवा. आकडा बदलला तर आधीचं शून्य खोटं. मग बोल्टच्या भोकांतून पकडणारी पाच बोटांची प्लेट ज्याच्याकडे आहे असा कारागीर शोधा. तोंड वाकडं करणारा भेटला तर तिथून निघा.

दुसरी गोष्ट मशीन सांगतच नाही : चाक गोल आहे का? लंबगोल चाकसुद्धा उत्तम बॅलन्स होतं आणि रस्त्यावर उड्या मारतं. मागच्या चाकांना ओट (अडसर) लावा, गाडी पुढून उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. टायरसमोर एक भक्कम ठोकळा ठेवून त्यावर पेन्सिल अशी टेकवा, की टोक ट्रेडला (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाला) लागता लागता राहील. चाक हाताने सावकाश फिरवा. एका जागी टोक घासेल, अर्ध्या फेऱ्यानंतर फट दिसेल. ती फट दीड मिलिमीटरच्या वर गेली तर बॅलन्सिंगवर आणखी पैसे घालू नका. तसंच टायरच्या बाजूला टेकवून डगडग बघा, मग रिमच्या कडेवर. रिम सरळ आणि टायर आऊट (गोलाई बिघडलेला) असेल तर हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवायचा. पुष्कळदा टायरचा उंचवटा आणि रिमचा खोलगट भाग समोरासमोर येऊन काम भागतं. रिमच वाकडी असेल तर ती बदला, ठोकून सरळ केलेल्या रिमवर माझा विश्वास नाही.

चाक काढलंच आहे तर ड्रमला टेकणारी त्याची बाजू बोटाने चाचपा. हौसेने रंगवलेल्या गाडीत तिथे रंगाचे जाड थर असतात, तर कुठे गंजाची खपली. दोन्ही घासून काढा. बोल्टही बघा. मूळ रिमला गोल बैठकीचे बोल्ट लागतात. निमुळते लावले असतील तर चाक कधीच नीट बसणार नाही. बोल्ट आवळताना एक सोडून एक, आणि दोन-तीन टप्प्यांत.

प्रश्न : माझी गाडी बरेच महिने उभी असते. बाहेर काढली की सुरुवातीला धडधडते, मग ठीक होते. टायर दिसायला नवे आहेत.

उत्तर : उभं राहून टायरला सपाट डाग पडतो. गरम झाला की तो भरून येतो. १५-२० किलोमीटरनंतरही धडधड राहिली तर डाग कायमचा झालाय. पण 'दिसायला नवे' यावर जाऊ नका, टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. तीनच आकडे असले तर टायर २००० च्या आधीचा, त्यावर गाडी गॅरेजबाहेरही काढू नका. लांब मुक्कामाला गाडी स्टँडवर ठेवलेली बरी.

प्रश्न : तारांच्या चाकांची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, मधे एकच मोठा नट. थरथर कशी घालवू?

उत्तर : आधी हबवरचे (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावरचे) दाते बघा. गाडी पुढे-मागे करून ब्रेक मारताना 'टक्' असा आवाज येतो का? येत असेल तर दाते झिजलेत. मग चाक आणि हब दोन्ही बदला, एकच बदललं तर जुनं नव्याला खातं. दाते ठीक असतील तर सगळ्या तारांवर पाना हलकेच वाजवत जा. एखादी मंद वाजली तर ती सैल आहे. तारा ताणून रिम सरळ केल्याशिवाय बॅलन्सिंगला जाऊ नका. ट्यूबमध्ये बॅलन्सिंगची पावडर भरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या.